मांजरीचं सातवं घर

मला मांजरं कधीच आवडली नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यात अजूनही मला 'मांजरवाली' म्हणतात आणि लग्नकार्यात कुणी ना कुणी जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची तक्रार माझ्याकडे घेऊन येतंच. मांजर आपमतलबी, मांजर चोर, आणि उपकाराची जाण म्हणाल तर शून्य. पण साठच्या दशकाची शेवटची आणि सत्तरची पहिली काही वर्षं माझी त्यांच्याच पोटापाण्यात गेली. त्याला कारण माझी नोकरी.

मी अंधेरीच्या पूर्वेला एका फिल्म स्टुडिओच्या कपडेपटात कामाला होते. कपडेपट म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. आत पेट्याच पेट्या. अंगरखे, फेटे, नऊवाऱ्या, शिपायांचे डगले, देवांचे पितांबर. वडील गिरणीत होते, घरात आम्ही भावंडं पुष्कळ, मला शिवण बरी यायची, म्हणून चिकटले. बाहेरच्यांना वाटायचं, ही रोज हिरो-हिरॉइन बघते. मी बघायचे उंदीर. कपड्यांना खळ घातलेली असे, आणि खळ म्हणजे उंदरांना पक्वान्न. एकदा ऐन शूटिंगच्या सकाळी सरदाराचा अंगरखा काढला तर खांद्याला मूठ जाईल एवढं भोक! शेला आडवा टाकून वेळ मारून नेली. त्या पिक्चरमध्ये तो सरदार झोपतानासुद्धा शेला का घेतो, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर मीच कॅन्टीनच्या मागची दोन मांजरं उचलून शेडमध्ये आणली.

दोनाची किती झाली ते विचारू नका. त्यांनी काही मनावर घेतलं आणि बाकीचं लोकांनी केलं. आपल्याकडे मांजर मारायची नसते. मारली तर सोन्याची मांजर करून काशीला जावं लागतं. ते कुणाला परवडणार? मग मांजर पोत्यात घालायची, तोंड बांधायचं, वाट विसरावी म्हणून पोतं हातात धरून स्वतःभोवती गोल गोल फिरायचं, आणि लांब कुठंतरी सोडून यायचं. आमच्या स्टुडिओत कॅन्टीन आहे हे चकाल्यापासून मरोळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मागच्या भिंतीवरून पोती पडायची. एकदा मी एका गृहस्थाला तसं करताना पाहिलं. चांगला शर्ट-पँटीतला माणूस. त्यानं पोतं भिंतीवरून आत टाकलं, ते धप्पकन आपटलं, आतून किंकाळी आली, आणि त्यानं भिंतीकडे तोंड करून हात जोडून नमस्कार केला. त्या पोत्यात एका मांजरीचा पाय मोडला होता. नमस्कार कुणाला केला असेल त्यानं?

त्या पायाला बांबूची कामटी बांधली ती सुतारमामांनी. तिथपासून आमचं काम सुरू झालं म्हणायला हरकत नाही. त्याला नाव नव्हतं, पावती नव्हती. कॅन्टीनवाले उरलेला भात ठेवायचे. लाइटवाले उंच मचाणावर अडकलेली पिल्लं उतरवायचे. वर्सोव्याची एक कोळीण गेटबाहेर पाटी घेऊन बसायची, ती उठताना मासळीची मुंडकी आणि कल्ले माझ्यासाठी पानात बांधून ठेवायची. "पोरी, आज मुंडकी थोडीच हायत," ती ओरडायची, "तुझ्या पावन्यांना सांग, वाटून खा!" खरजेला खोबरेल आणि गंधक, जखमेला हळद. धडधाकट झालेली मांजर कुणाच्या तरी घरी लावून द्यायची. गोदामवाले, बेकरीवाले, वखारवाले मागायला यायचे. मुलगी दाखवावी तशी मी मांजर दाखवायचे आणि घर कसं आहे ते विचारून घ्यायचे. लाइटवाले हसायचे. "हुंडा काय देणार गं?" म्हणायचे.

आता सुतारमामा. मालवणकडचे. सेट उभे करायचं काम त्यांचं. गाव म्हणा, राजवाडा म्हणा, देऊळ म्हणा, मामा बांबू, कुडाच्या ताट्या, गोणपाट आणि शेणमातीतून उभं करायचे. पुढून गाव, मागून नुसते बांबू. काम संपलं की तेच गाव पाडायचे. पाडायच्या आधी मात्र त्यांचा एक नेम होता. प्रत्येक घरात जाऊन खांबावर हातोडीनं ठोकायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "कोण असात तर भायर येवा." सरडे, चिमण्या, साप, मांजरं, सगळ्यांना ही नोटीस. मग थोडा वेळ विडी ओढत थांबायचे आणि मगच पहिला बांबू काढायचे. आपल्या सेटात आजवर एक जीव मेला नाही, असं ते अभिमानानं सांगायचे, आणि ते खरं होतं.

तर एका पिक्चरसाठी मामांनी मागच्या माळावर आख्खं खेडं बांधलं. पाटलाचं घर, कुंभाराचं घर, लोहाराचं, सावकाराचं, आणखी कुणाकुणाची झोपडी. शेवटी डाकू येऊन हे गाव जाळतात अशी स्टोरी होती. आणि गाव खरंच जाळायचं होतं. शूटिंग चालू असतानाच आमची एक तीन रंगांची मांजर, पोत्यातूनच आलेली, कुंभाराच्या घरात माळ्यावरच्या पेंढ्यात व्याली. चार पिल्लं.

त्याच सुमाराला मामांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मामांची बायको गेलेली, घरात एक म्हातारी आत्या तेवढी. मामा दुपारच्या डब्याच्या सुट्टीत धावत घरी जाऊन तिला बघून यायचे. गुंदवलीला त्यांची खोली होती. मुलीचे पाय सुजलेले, डॉक्टरीणबाईंनी तोंड वाकडं केलेलं, त्यामुळे मामांचा जीव टांगणीला लागलेला. आणि अशात ही मांजर त्यांच्या सेटात व्याली. मामांच्या मनात दोन्ही गोष्टींची गाठ बसली ती बसलीच. घरात बाळंतपण असताना दाराशी आलेल्या बाळंतिणीचं वाईट झालं तर ते घरच्या बाळंतिणीवर येतं, अशी त्यांची पक्की समजूत. ते मला स्पष्टच म्हणाले, "ह्या मांजराक काय झाला, तर माझ्या चेडवाचा काय खरा नाय गो." थट्टा करायची सोय नव्हती.

मी म्हटलं, मामा, त्यात काय एवढं? मी फेट्यांची एक रिकामी पेटी घेतली, आत जुनी नऊवारी अंथरली, चारी पिल्लं उचलून कपडेपटात आणली. मांजरही मागोमाग ओरडत आली. मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पेटी रिकामी. बयेनं एक एक पिल्लू मानगुटीला धरून परत माळावर नेलं होतं, या खेपेला कुंभाराच्या शेजारच्या झोपडीत.

मामा मला रागावले नाहीत. उलट समजावून सांगायला बसले. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, हे तुम्ही आम्ही सगळ्यांनीच ऐकलेलं. मामांनी त्याचा कायदाच सांगितला. माणसानं हलवलेलं मोजायचं नाही. तिचं तिनं दाखवलं पाहिजे. सात घरं पुरी झाली की ती थांबते, मग तिला कुठंही न्या. त्याआधी कोंडलं, तर ती पिल्लं खाते. "खाता म्हणजे खाता!" मामा म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलेला आसा."

हे शेवटचं मीही ऐकून होते. आमच्या चाळीत एकीनं खाल्ली होती असं म्हणत. त्यामुळे माझाही हात आखडला. आणि तिथं जमलेल्यांत कोकणातले, घाटावरचे, कोळी, सगळेच होते. एकानंसुद्धा हे खोटं आहे असं म्हटलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळे मांजर मोजायला लागले.

तुम्हाला सांगते, त्या दिवसांत सेटवर दुसरा विषय नव्हता. सकाळी आलं की पहिला प्रश्न, बाई कुठं आहे? लोहाराकडे गेली. झकास! पाटलाकडे गेली. वा, बडी असामी! एक्स्ट्रा बायका, लाइटवाले, पोशाखवाले, सगळे तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे. एरवी मांजर आडवी गेली की शॉट थांबवून नारळ फोडणारी ही माणसं! इथं ती तोंडात पिल्लू घेऊन आडवी गेली तर म्हणायची, जाऊ दे, जाऊ दे, कामावर आहे. मला तेव्हा गंमत वाटायची. आमच्यासारख्या पोत्यातली मांजरं गोळा करणाऱ्यांच्या भोवती आख्खं युनिट उभं राहिलं, याचा अभिमानही वाटायचा.

आगीची तारीख मात्र शूटिंगच्या मॅनेजरच्या हातात. बंब सांगून ठेवलेला, घोडे सांगून ठेवलेले, आग एकदाच लावता येणार. मामा त्याच्या पाया पडायचे बाकी राहिले. "मामा, मांजरासाठी शेड्यूल बदलू? यार, लोक हसतील," तो म्हणाला. त्याचंही बरोबर असेल. एकच सोय होती. सावकाराचं घर माळाच्या कडेला, जरा लांब होतं. ते जळायचं नव्हतं. गाव जाळून झाल्यावर डाकूंचा सरदार तिथं येऊन बसतो असा पुढचा सीन होता. म्हणजे मांजर सावकाराकडे गेली तर सुटली.

मग आम्ही सावकाराचं घर सजवलं. मामांनी कोपऱ्यात गोणपाटाची गादी केली. कोळणीनं त्या आठवड्यात बोंबलांबरोबर सुरमईचं एक अख्खं डोकं दिलं. "बालंतीन हाय, तिला चांगलं खाऊ दे," म्हणाली. मी दूध ठेवलं. दुसऱ्या कुठल्याच घरापाशी कुणी काही ठेवायचं नाही, असं मामांनी बजावलं. आणि आगीच्या आदल्या दिवशी दुपारी ती खरंच गेली! चारी पिल्लं एक एक करून सावकाराच्या घरी. मामांनी बोटं मोजली. कुंभार धरून ते सातवं घर भरत होतं. त्यांनी तिथंच जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि सगळ्यांना कॅन्टीनमधून चहा सांगितला. त्या दिवशी मामा पहिल्यांदा हसले. "माझा चेडू सुटला," म्हणाले. मुलीला अजून कळासुद्धा सुरू झाल्या नव्हत्या.

मी म्हटलं, मामा, आता तर झाली ना सात? आता पेटीत घालून नेते सगळ्यांना कपडेपटात. मामांनी दोन्ही हात आडवे केले. सातव्या घरात तिचं तिनं थांबायचं असतं, तिथं हात लावला तर सगळं फुकट. मी हुज्जत घातली. आवाज चढवला. उद्या इथं घोडे धावणार आहेत, माणसं बोंबलणार आहेत, त्या घराला धड दार नाही, नुसती चौकट आहे! पण लाइटवाले, एक्स्ट्रा बायका, कॅन्टीनवाले, सगळे मामांच्या बाजूनं. "राहू दे ना गं, एवढं सगळं जमून आलंय," म्हणाले. आणि मामांच्या तोंडाकडे बघून माझीही जीभ अडखळली. माणूस इतक्या दिवसांनी हसत होता.

दुसऱ्या दिवशी मला सकाळपासून श्वास घ्यायला फुरसत नव्हती. गावकऱ्यांच्या गर्दीला लुगडी नेसवायची, पागोटी बांधायची. डायरेक्टरला मावळतीचा उजेड हवा होता. उन्हं उतरली तेव्हा मामांनी आपला नेम केला. जळणाऱ्या प्रत्येक घरात जाऊन खांब ठोकला, "भायर येवा" म्हणाले. मग सावकाराच्या घरात डोकावून आले आणि लांबूनच मला हात हलवून दाखवलं. सगळी आत आहेत. मी मानेनं हो म्हटलं.

पेंढ्यात रॉकेलचे बोळे खुपसलेले होते. आग लागली ती कुंभाराच्या बाजूनं. मी आगी पाहिल्या आहेत, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. बांबू फुटायचे ते फटाक्यांसारखे. घोडे उधळल्यागत सावकाराच्या घरावरून गेले, डाकू ओरडत होते, आमच्या बायका ठरल्याप्रमाणे किंचाळत होत्या. आणि त्या किंचाळ्यांतच एक किंचाळी वेगळी आली. मी वळून पाहिलं.

सावकाराच्या चौकटीतून ती बाहेर आली होती. तोंडात पिल्लू. क्षणभर थांबली, कान पाडून इकडे तिकडे पाहिलं. मला वाटलं, माळावर पळेल, भिंतीकडे पळेल, माझ्याकडे पळेल. ती धुरात शिरली. सरळ, न वळता, जिथं ती व्याली होती त्या कुंभाराच्या घराकडे निघाली. ते घर चारी बाजूंनी पेटलेलं. मी ओरडले, मामा ओरडले, कुणीतरी टोपी फेकली. मधल्या मोकळ्या जागेतून ती अशी धावत गेली, की जणू आग तिला दिसतच नव्हती. दारातून आत गेली. आणि वरचा पेंढा खाली आला.

मी अजून त्या क्षणाशी अडते. बाकीचं सगळं मला क्रमानं सांगता येतं, पण तिथं आलं की माझ्या डोक्यात नुसता पांढरा उजेड होतो. जनावर आगीला भितं असं आपण म्हणतो. मग ही का गेली? त्या घोड्यांच्या आणि माणसांच्या दंग्यात तिला जगात एकच जागा सुरक्षित वाटली असेल, आणि ती जागा जळत होती. असं मी नंतर ठरवलं. त्या वेळी काहीच ठरवता आलं नाही. मामा धावले होते आगीकडे, त्यांना दोघा लाइटवाल्यांनी कवटाळून धरलं होतं. आणि या सगळ्यात कट कुणीही म्हणालं नाही. दुसरा कॅमेरा होता त्याच्यावरच्या माणसानं तर कॅमेरा मांजरीबरोबर फिरवला होता. मी तो फिरताना पाहिला.

आग विझल्यावर मॅनेजर टाळी वाजवत आला. "झकास! काय शॉट मिळालाय, मागून मिळाला नसता!" मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्या हातात कुणाचं तरी पागोटं होतं. मी म्हटलं, "तुझी आई गेली असती ना रे आत, तरी असंच म्हणाला असतास?" आमच्या स्टुडिओत मॅनेजरला अरे-तुरे करणारी बाई तोवर झाली नव्हती. मला वाटतं, त्यालाही तेव्हाच कळलं की काय घडलं ते. चेहरा एकदम उतरला त्याचा. मला नोकरीवरून काढलं नाही, ते त्यामुळेच.

उरलेली तीन पिल्लं मी पेटीत घालून कपडेपटात नेली. त्यांच्या मागं आता कुणी ओरडत येणार नव्हतं. कापसाच्या वातीनं दूध पाजलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. एक्स्ट्रा बायका आळीपाळीनं बसायच्या. तिन्ही जगली. एक कोळणीनं नेलं, पाटीत घालून, वर ओलं फडकं टाकून. "आमच्याकडं उपाशी मरत नाय कोन," म्हणाली. दोन माझ्याकडेच राहिली, आणि मोठी होऊन त्यांनी उंदीर पकडण्यापेक्षा मुकुटात झोपायचं काम जास्त केलं.

मामा दोन दिवस आले नाहीत. आले ते थेट माझ्याकडे, शेडच्या दारात उकिडवे बसले. मला वाटलं, रडतील. ते म्हणाले, "माका कळला. जल्मघर मोजूचा नसता. मी कुंभाराचा मोजलंय, थंय चुकलंय. सावकाराचा सहावा. सातवा तिचा ऱ्हवलेला, म्हणान ती थंय गेली."

दोन दिवस हा माणूस घरात बसून मोजत होता! शास्त्र खरं होतं, तो चुकला होता, म्हणून बाळंतीण जळाली. आणि शेडमध्ये जे कुणी होते ते सगळे म्हणाले, बरोबर, बरोबर, जन्मघर धरत नाहीत. हिशेब जुळला होता ना! मला इतका संताप आला की मी हातातली कात्री आपटली. "मामा, मांजरीला मोजता येतं का हो?" मी ओरडले. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढचं गिळलं. मोजण्यात चूक झाली असेल तर निदान जगाला काही नियम तरी होता. मी तोही काढून घ्यायला निघाले होते.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी मोकळी झाली. मुलगा. दोघंही सुखरूप. मी पेढे मागायला गेले, म्हटलं आता तरी मामांच्या मनातलं जाईल. मामा खोलीबाहेर पायरीवर बसले होते. आत मुलगी रडत होती. बाबा बाळाला घेत नाहीत, बघतातसुद्धा लांबून, असं ती म्हणाली. मी मामांना बोलले. ते आपले तळवे बघत म्हणाले, "ह्या हातान पोराक उचलू? हेनी बाळंतिणीचा घर बांधलेला, हेनीच ता जाळूक दिला." मी सांगितलं, भटजींनी सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काही उपयोग नाही. बारसं झालं, पाळण्याला दोरी दुसऱ्यांनी लावली, मामांनी दुरून हात जोडले. सुतारकाम करायचे, पण सेट पाडायला जाईनात. खांब ठोकायचा नेम बंद झाला. बापाला अशा अवस्थेत सोडून मुलगी सासरी परत गेली नव्हती. पोर रांगायला लागलं, त्यांच्याकडे यायचं, तर मामा उठून बाहेर जायचे. एवढंसं ते पोर उंबऱ्यापर्यंत मागं जाऊन बसून राहायचं. मला ते बघवायचं नाही.

पिक्चर लागलं तेव्हा आम्हाला पास मिळाले. मी मामांना ओढत अंधेरीच्या थिएटरात नेलं. आपण केलेलं गाव बघा तरी, म्हटलं. खरं म्हणजे मला वाटलं होतं, तो भाग कापला असेल. कोण ठेवेल तसलं?

ठेवला होता. गाव पेटलं. कुंभाराचं घर आधी दाखवलं, आगीच्या लोळात. मग धूर. आणि धुरातून ती धावत आली, तोंडात पिल्लू, थेट आमच्या अंगावर. ती मधल्या मोकळ्या जागेत धावत होती तेवढाच तुकडा. कुठून निघाली ते नाही, कुठं शिरली ते नाही. आग आधी दाखवली होती, त्यामुळे ती आगीतून बाहेर पडते आहे असंच दिसत होतं. पिल्लू वाचवून. थिएटरात टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या. माझ्या पुढची बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बघा, मुकं जनावर, पण आईच ती!"

घशात शब्द आला होता. खोटं आहे! सगळ्यांना उभं राहून सांगावं असं वाटलं. तेवढ्यात मामांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"भायर इली गो," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "बघितलंस? भायर इली ती!"

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ज्या माणसानं तिला आत जाताना माझ्याबरोबर उभं राहून पाहिलं, जो आगीत उडी घ्यायला निघाला होता, पुढून गाव आणि मागून बांबू हे ज्याच्या हातचं काम, तो माणूस पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत होता. मी इतकी हादरले की तोंडातला शब्द तोंडातच राहिला. त्यांना वेड लागलंय असं मला वाटलं. मग वाटलं, नाही, वेड लागायची पाळी माझी आहे.

पिक्चर संपायची वाट मामांनी पाहिली नाही. पायांवर पाय पडत, लोकांच्या शिव्या खात बाहेर पडले. मी मागोमाग. गुंदवलीपर्यंत चालत कसले, पळतच होते. खोलीशी आल्यावर बाहेरच्या पिंपातून पाणी घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मग आत गेले. पोर जमिनीवर बसून लाकडाच्या ढलप्याशी खेळत होतं. मामांनी खाली वाकून त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. पोरानं त्यांच्या मिशीला हात घातला.

त्यांची मुलगी चुलीपाशी होती. ती उठून उभी राहिली, बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दबक्या आवाजात तिनं विचारलं, "काय दाखवलं गं त्या पिक्चरमध्ये?"

"काही नाही," मी म्हटलं. "चांगलं होतं पिक्चर."